मुकुट पायताशी ठेवून झोपलेली राजकन्या : रेनेसाँसच्या चित्रांतली झोप आणि स्वप्नं

रेघोटी (धागाकर्ती)

गेले चार महिने मी आईच्या उशाशी रात्री बसते आहे. ती पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता बरी होतेय, पण रात्रीत दोनदा तरी कूस बदलून द्यावी लागते, म्हणून भाऊ आणि मी आळीपाळीने जागतो. जागायचं तर हाताला काहीतरी काम हवं. वही-पेन्सिल घेतली आणि झोपलेल्या आईची रेखाटनं करायला लागले.

वीस-बावीस रेखाटनं झाली, पण प्रत्येकात तेच. कागदावरची आई झोपलेली दिसत नाही, गेलेली दिसते. मिटलेले डोळे, उताणा देह, छातीपर्यंत ओढलेली चादर. समोर तिचा श्वास संथ चाललेला आणि वहीत मात्र हे! जीव चरकला. पानं फाडून टाकली.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. ज्यांनी झोपलेली माणसं रंगवली, त्यांनी हे साधलं कसं? रात्री फोनवर संग्रहालयांची संकेतस्थळं उघडून इटलीतली पंधराव्या-सोळाव्या शतकातली चित्रं मोठी करकरून पाहते आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते. तुम्ही भर घालाच.

आधी थोडं मागचं. त्याआधीच्या काळातल्या चित्रांत आणि शिल्पांत राजे मुकुट घालून झोपत. फ्रान्समध्ये ओतँच्या चर्चमधे बाराव्या शतकातलं एक कोरीव स्तंभशीर्ष आहे, गिजलबेर्तुस नावाच्या शिल्पकाराच्या नावावर सांगतात ते. बाळ येशूला भेटून आलेले तिघे राजे एकाच पांघरुणाखाली दाटीवाटीने झोपलेत आणि तिघांच्याही डोक्यावर मुकुट आहेत. देवदूत एका बोटाने एकाच्या हाताला स्पर्श करतोय, आणि तेवढ्या एकाचे डोळे उघडलेत. फार गोड शिल्प आहे. असिसीला संत फ्रान्सिसच्या चर्चमधल्या भित्तिचित्रात पोप तिसरा इनोसंट असाच उंच टोपीसकट, भरजरी झग्यासकट पलंगावर आडवा आहे. कोसळणारं चर्च फ्रान्सिसने खांद्यावर तोलून धरलंय, असं स्वप्न त्याला पडतंय आणि ते चर्च पलंगाशेजारीच उभं आहे. मुकुट किंवा टोपी काढली तर हा राजा आणि हा पोप हे बघणाऱ्याला कळणार कसं? झोपेत माणसाची ओळखच उतरते, म्हणून ती डोक्यावर बांधून ठेवायची.

आता व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयातलं व्हित्तोरे कार्पाच्चोचं 'संत उर्सुलाचं स्वप्न' बघा. साल १४९५. जवळजवळ पावणेतीन मीटर लांब-रुंद कॅनव्हास. उर्सुला ब्रिटनीची राजकन्या. कथेप्रमाणे ती अकरा हजार कुमारिकांसोबत यात्रेला निघते आणि कोलोनपाशी हूणांच्या हातून मारली जाते. ते मरण तिला आधीच स्वप्नात कळतं, ती ही रात्र.

या चित्रात कार्पाच्चोने मुकुट तिच्या डोक्यावरून काढलाय आणि पलंगाच्या पायताशी नीट ठेवलाय. खाली तिच्या सपाता आहेत. त्याही काढून ठेवलेल्या. एक छोटा कुत्रा जागा आहे. खिडकीत दोन कुंड्या. टेबलावर उघडं पुस्तक आणि वाळूचं घड्याळ, झोपण्याआधी वाचत होती बहुतेक. पलंग दोघांचा आहे, ती एका बाजूला झोपलीय, दुसरी बाजू मोकळी. तळहात गालाखाली. पांघरूण इतकं सरळ आहे की ही मुलगी रात्रभर हललेली नाही हे कळतं.

आणि देवदूत? तो उडत येत नाही. ढग नाही, तेजोवलय नाही. उजवीकडच्या दारातून हातात हुतात्म्याची खूण असलेली झावळी घेऊन तो चालत आत आलाय आणि त्याच्यासोबत उजेडही खोलीत शिरलाय. कोणी उठू नये म्हणून आपण पहाटे दार हळूच लोटून आत येतो ना, तसा.

मला वाटतं, रेनेसाँसने झोपेच्या चित्रात केलेला सगळ्यात मोठा बदल हाच. मुकुट काढून बाजूला ठेवला. मग झोपलेलं माणूस फक्त माणूस उरलं, आणि त्याला खोली, उशी, पांघरूण, उजेड द्यावा लागला. स्वप्नसुद्धा याच खोलीच्या दारातून यावं लागलं.

तुम्हाला असं कुठलं झोपलेलं माणूस आठवतं?

---

रात्रपाळी

रेघोटीताई, आईंना लवकर आराम पडो.

मी सव्वीस वर्षं रुग्णालयात रात्रपाळ्या केल्या. तुमच्या प्रश्नाचं माझ्या परीने उत्तर देते. झोपलेला माणूस कधी सरळ नसतो. सरळ असतो तो गेलेला, कारण त्याला आम्हीच सरळ केलेलं असतं. झोपलेल्याचा एक पाय आखडलेला, मान एकीकडे कललेली, एक हात पांघरुणाबाहेर. शरीर जिथे जागा मिळेल तिथे टेकून घेतं. तुम्ही उताणी, सरळ आई काढलीत, म्हणून ती तशी दिसली.

मला चित्रातलं फारसं कळत नाही, पण बोत्तिचेल्लीचं 'व्हीनस आणि मार्स' मुलीने दाखवलं होतं. प्रेमाची देवी आणि युद्धाचा देव. त्यातला मार्स शंभर टक्के झोपलाय. डोकं मागे पडलंय, ओठ उघडलेत, गळा ताणला गेलाय, बोटांतली ताकद गेलीय. अशा माणसाच्या मानेखाली उशी द्यायला माझा हात आपोआप पुढे जाईल. पलीकडे व्हीनस पूर्ण कपड्यांत टक्क जागी.

रेघोटी

किती मोलाचं सांगितलंत! 'सरळ असतो तो आम्ही सरळ केलेला'. हे वाचून मी उर्सुलाकडे परत गेले आणि अंगावर काटा आला. ती सरळ आहे! पांघरुणाला घडी नाही, पाय जुळलेले. म्हणजे कार्पाच्चोने तिला थोडी समाधीवरच्या मूर्तीसारखी मुद्दाम झोपवली असणार. फक्त गालाखालचा हात तेवढा जिवंत माणसाचा.

---

थेम्सकाठी

मार्सचा विषय निघालाच आहे तर लिहितो. ते चित्र इथे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मी ऑफिसपासून चालत जाऊ शकतो, प्रवेश फुकट, त्यामुळे दुपारच्या सुटीत कितीदा तरी त्याच्यासमोर उभा राहिलोय. १४८५च्या आसपासचं. पावणेदोन मीटर लांब आणि उंची मात्र जेमतेम सत्तर सेंटिमीटर. लग्नघरातल्या लाकडी बाकाच्या किंवा पलंगाच्या पाठीला बसवण्यासाठी केलं असावं, असं अभ्यासक मानतात.

बकऱ्याच्या पायांची चार पोरं, सॅटर, त्याच्याभोवती दंगा करतायत. त्यांनी भाला पळवलाय, एकाने शिरस्त्राण डोक्यात घातलंय, एक चिलखतात शिरलाय. आणि एक जण थेट मार्सच्या कानात शंख फुंकतोय. तरी तो ढिम्म. झोप किती गाढ आहे हे दाखवायला बोत्तिचेल्लीने आवाज रंगवलाय! डोक्याजवळच्या बुंध्यात गांधीलमाश्यांचं घर आहे, तेही उजव्या कोपऱ्यात जवळ जाऊन पाहा. समोर उभं राहिलं की कान बंद करावेसे वाटतात.

याच गॅलरीत झोपलेल्या माणसांची आणखी एक जोडी आहे. गेथसेमनीच्या बागेत येशू प्रार्थना करतोय आणि 'जागे राहा' असं सांगूनही त्याचे तीन शिष्य झोपलेत. हा प्रसंग मान्तेन्याने रंगवला आणि त्याचा मेहुणा जोव्हान्नी बेल्लीनीनेही. दोन्ही चित्रं इथे. मान्तेन्याचे शिष्य दगडासारखे पडलेत, पाय आपल्याकडे, तोंडं उघडी. वर डोंगर टोकदार, वाळलेल्या झाडावर गिधाड. मागच्या रस्त्याने दगा देणारा शिष्य यहूदा शिपायांना घेऊन निघालेला दिसतोय आणि यांना पत्ता नाही. बेल्लीनीकडे तोच प्रसंग, पण पहाट होतेय. ढगांच्या खालच्या कडेला गुलाबी रंग लागलाय. मान्तेन्याच्या झोपलेल्यांचा मला राग येतो. बेल्लीनीच्या झोपलेल्यांचा येत नाही, दिवसभर चालून थकलेली माणसं वाटतात ती.

अबोली७

वाचतेय. शंखाचं माहीत नव्हतं, आत्ता चित्र मोठं करून पाहिलं!

हिरवी_बोटं

त्या मार्सच्या चित्रात उजवीकडे खाली, चिलखतातून डोकावणाऱ्या पोराच्या हाताखाली एक फळ आहे. २०१० साली एका अभ्यासकाने ते धोतऱ्याचं आहे असं मांडलं होतं. म्हणजे मार्स नुसता झोपलेला नाही, त्याला गुंगी चढलीय. बातमी तेव्हा गाजली होती. मला पटलं नाही. काटेरी फळाचा तो धोतरा अमेरिकेतून युरोपात आला असं बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात, आणि चित्र तर कोलंबसाच्या आधीचं.

झोपेची खरी वनस्पती त्या काळी खसखसच. फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या समाधीवर मायकेलँजेलोने 'रात्र' म्हणून जी स्त्री कोरलीय, तिच्या पायाशी खसखशीच्या बोंडांचा झुबका आहे. शेजारी घुबड, मुखवटा, कपाळावर चंद्रकोर.

रात्रपाळी

त्या 'रात्री'चा फोटो शोधून पाहिला. उजवं कोपर डाव्या मांडीवर आणि त्या हातावर डोकं! असं कुणाला झोप लागणार नाही, दोन मिनिटांत खांदा भरून येईल. ही बाई झोपलेली नाही, डोळे मिटून काहीतरी सोसतेय.

रेघोटी

रात्रपाळीताई, तुम्ही जे पाहिलंत ते मायकेलँजेलोने स्वतःच सांगून ठेवलंय. जोव्हान्नी स्त्रोत्सी नावाच्या एकाने या मूर्तीवर चार ओळी लिहिल्या होत्या. ही देवदूताने घडवलीय, झोपलीय म्हणजे जिवंत आहे, विश्वास नसेल तर उठव, बोलेल तुझ्याशी, अशा अर्थाच्या. मायकेलँजेलोने मूर्तीच्या तोंडून चार ओळींतच उत्तर दिलं. मला झोप प्रिय आहे, आणि त्याहून दगड असणं प्रिय. जोवर ही हानी आणि ही लाज चालू आहे, तोवर न दिसणं, न कळणं हेच माझं भाग्य. म्हणून उठवू नकोस, हळू बोल.

फ्लॉरेन्सचं प्रजासत्ताक तेव्हा संपलं होतं, मेदिचींची सत्ता बसली होती आणि तो शहर सोडून रोमला गेला होता. स्तुतीच्या कवितेला असं उत्तर देणारा माणूस!

---

तांबडी_माती

धागा उत्तम आहे, पण मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. 'रेनेसाँसने मुकुट उतरवला' हे ऐकायला छान आहे, पण राफाएलच्या 'शिलेदाराचं स्वप्न' या चित्रातला शिलेदार चिलखत घालूनच झोपतो. तेही १५०४च्या आसपासचं, म्हणजे कार्पाच्चोच्या नंतरचं. आणि स्वप्नही त्याच्या दोन्ही बाजूंना उभं आहे. एकीकडे पुस्तक आणि तलवार घेतलेली स्त्री, दुसरीकडे फूल पुढे करणारी. मध्ये एक सडपातळ झाड. असिसीच्या पोपसारखीच मांडणी.

रेघोटी

आक्षेप रास्त आहे. मी घाईने सरसकट विधान केलं. राफाएलचं ते चित्र सतरा सेंटिमीटर चौरस आहे, आपल्या पसरलेल्या पंजात मावेल एवढं. तो शिलेदार कोणी खरा माणूस नाही, एका विचाराचं रूप आहे. कर्तव्य की सुख, की दोन्ही. तिथे चिलखत काढून चालणार नव्हतं, हे मान्य.

पण एक सांगू का? या चित्राचं त्याच मापाचं कच्चं रेखाटन लंडनमधेच जपून ठेवलेलं आहे. त्याच्या रेषांवर सुईने टोचलेली बारीक भोकं आहेत. त्यातून कोळशाची पूड दाबून रेषा लाकडी फळीवर उतरवत. रांगोळीच्या छापाला जशी भोकं असतात तशी. वीस-एकवीस वर्षांचा राफाएल त्या झोपलेल्या पोराच्या पापणीवर सुई टोचत बसलाय, हे डोळ्यांसमोर आलं आणि चित्र एकदम जवळचं झालं.

तांबडी_माती

हे रांगोळीच्या छापाचं छान सांगितलंत. आता तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. अरेत्सोला सान फ्रान्चेस्को चर्चमधे पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं 'कॉन्स्टंटाइनचं स्वप्न'. पाच वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. वेदीमागच्या भिंतीवर, मधल्या खिडकीच्या उजवीकडे, सगळ्यात खाली. ठरावीक वेळेचं तिकीट होतं आणि मी सगळा वेळ त्या एका चौकटीपाशी घालवला.

रोमन सम्राट. उद्या मिल्व्हियन पुलाची लढाई, साल ३१२. आणि हा तंबूत पांघरुणाखाली निजलाय. सम्राटपणाची खूण शोधावी लागते. तंबू शंकूसारखा, पडदे दोन्ही बाजूंना सारलेले. पुढे दोन पहारेकरी, एक पाठमोरा. पलंगाच्या कडेला पांढऱ्या कपड्यांतला नोकर बसलाय, डोकं हातावर, नजर आपल्याकडे पण आपल्याला न बघणारी. त्याला पेंग येतेय.

स्वप्न कुठे आहे तर वर डाव्या कोपऱ्यात देवदूत डोकं खाली करून झेपावतोय. नुसता एक पंख आणि पुढे केलेला हात दिसतो, हातात इवलासा क्रूस. त्याच्यापासून निघालेला उजेड तंबूवर, नोकराच्या कपड्यांवर, सम्राटाच्या पांघरुणावर पडलाय, आणि पुढचा पहारेकरी त्याच उजेडासमोर काळा दिसतो. ओल्या गिलाव्यावर, पंधराव्या शतकाच्या मध्यात, रात्र रंगवणं म्हणजे काय धाडस असेल! चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीनेही या रात्रीचं आणि त्या देवदूताचं तोंडभरून कौतुक केलंय. २०००मध्ये संपलेल्या साफसफाईनंतर आकाश पुन्हा खुललंय, चांदण्या दिसतात.

मला तिथे जाणवलं ते असं. पहारेकऱ्यांना काही दिसत नाहीये. एवढा प्रकाश अंगावर पडलाय आणि तिघा जागणाऱ्यांना पत्ता नाही. ज्याचे डोळे मिटलेत त्यालाच दिसतंय. स्वप्न दाखवायला पिएरोने ढग वापरला नाही, जागणाऱ्यांचं न बघणं वापरलं.

रेघोटी

हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

पिएरोचंच 'पुनरुत्थान'. त्याच्या गावात, सानसेपोल्क्रोला. चार शिपाई थडग्याला टेकून झोपलेत आणि त्यांच्या मागे येशू एक पाय कठड्यावर ठेवून सरळ समोर बघत उभा. मध्ये जो मान मागे टाकून झोपलाय तो स्वतः पिएरो, असं परंपरेने मानतात. इतक्या मोठ्या क्षणाच्या चित्रात स्वतःला झोपलेला दाखवला! भालावाल्या शिपायाचे पाय कुठे आहेत ते शोधून पाहा. सापडत नाहीत. एवढा गणिती चित्रकार आणि त्याने पाय गाळले, म्हणजे त्याला देहांचा एक ढीग हवा होता, ही माझी समजूत.

---

मनी_वसे

आपल्याकडे मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. त्या काळच्या युरोपात हेच जरा विस्ताराने मांडलेलं होतं. पाचव्या शतकातल्या मॅक्रोबियस या रोमन लेखकाने स्वप्नांचे पाच प्रकार सांगितले होते. त्यातले तीन अर्थाचे: कोडं घालणारं, पुढचं जसंच्या तसं दाखवणारं, आणि कुणी थोराने येऊन सांगितलेलं. दोन बिनअर्थाचे: दिवसभराच्या काळज्या आणि पोट यातून उपजणारं, आणि डोळा लागता लागता दिसणारी भुतंखेतं. रेनेसाँसमधे हे पुस्तक विद्वानांच्या हातात होतंच. फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ फिचिनो तर म्हणत होता की झोपेत आत्मा देहाच्या कामातून मोकळा होतो आणि म्हणून त्याला जास्त कळतं.

आणि उलट बाजू? आळशाच्या झोपेत सैतान शिरतो. जर्मन चित्रकार ड्यूररचं १४९८च्या सुमाराचं एक ताम्रपटावरचं चित्र आहे. शेगडीच्या उबेला एक जाडसर गृहस्थ उशांवर रेलून डुलक्या घेतोय आणि मागून एक पंखवाला राक्षस भात्याने त्याच्या कानात वारा भरतोय. पुढे विवस्त्र व्हीनस उभी. म्हणजे स्वप्न कानातून भरतात! बोत्तिचेल्लीकडे कानात शंख, इथे कानात भाता. डोळे मिटतात पण कान मिटत नाहीत, हे या लोकांनी बरोबर हेरलं होतं.

निशिगंध_

ड्यूररचं नाव आलं. मी त्याच्या दोनच कागदांबद्दल लिहिणार आहे, पण मनापासून.

पहिला कागद १४९३चा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे आहे. ड्यूरर बावीस वर्षांचा. एका बाजूला स्वतःचा चेहरा, एक हात आणि खाली एक उशी. मागच्या बाजूला सहा उशा. नुसत्या उशा! एकच उशी त्याने पुन्हापुन्हा चुरगाळून ठेवली असणार आणि प्रत्येक वेळी शाईने काढली. कुठे मधोमध खड्डा, कुठे कोपरा मुडपलेला, कुठे पीळ. बराच वेळ बघितलं की घड्यांमधे चेहरे दिसायला लागतात, नाक, हनुवटी, मिटलेला डोळा. झोपलेलं माणूस नाहीच, पण नुकतंच कुणीतरी उठून गेलंय असं वाटतं.

दुसरा कागद बत्तीस वर्षांनंतरचा, व्हिएन्नामधला. १५२५च्या जून महिन्यात, पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या बुधवार आणि गुरुवारच्या मधल्या रात्री त्याला स्वप्न पडलं. सकाळी उठून त्याने ते जलरंगात उतरवलं आणि खाली स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. आकाशातून पाण्याचे प्रचंड लोट कोसळत होते. पहिला लोट माझ्यापासून चार मैलांवर आदळला, सगळा मुलूख बुडाला. पुढचे लोट इतक्या उंचावरून येत होते की हळू पडतायत असं वाटत होतं. पहिल्याच्या आवाजाने, वाऱ्याने मी जागा झालो तेव्हा सगळं अंग थरथरत होतं आणि बराच वेळ मी भानावर आलो नाही. शेवटी देव सगळ्याचं भलं करो, आणि सही.

चित्रात काय आहे? पिवळट तपकिरी माळ, दूरवर थोडीशी झाडं, आणि मधोमध वरून खाली येणारा निळा-काळा खांब, जमिनीला लागतो तिथे पसरलेला. बाजूला आणखी काही थेंबांसारखे लोट, अजून न पोचलेले. रंग ओला असतानाच ओघळलाय.

पार्श्वभूमीही आहे. १५२४च्या फेब्रुवारीत मीन राशीत ग्रह एकत्र येणार म्हणून महापूर येईल अशी भाकितं करणारी कितीतरी छापील पत्रकं जर्मनीत फिरली होती. १५२५मधे शेतकऱ्यांचं बंड आणि त्याची कत्तल. मनी_वसे यांच्या म्हणीप्रमाणे हे मनात होतंच.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते असं की इथे झोपलेला माणूस चित्रात नाही. कॉन्स्टंटाइन, उर्सुला, शिलेदार सगळे आपण बाहेरून बघतो. इथे ड्यूरर आपल्याला स्वतःच्या पापण्यांच्या आत उभं करतो. संत नाही, राजा नाही, संदेशही नाही. न्यूरेम्बर्गचा एक चोपन्न वर्षांचा चित्रकार घाबरून उठलाय आणि हात थरथरायचे थांबल्यावर रंग कालवतोय.

रेघोटी

निशिगंध, काय लिहिलंयत! मुकुट, चिलखत, सपाता, सगळं बाजूला आणि शेवटी खुद्द झोपलेलं माणूसच चौकटीबाहेर.

---

सांजवात

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. पुरुष झोपले की त्यांना स्वप्नं पडतात, देवदूत भेटतात. बाया झोपल्या की त्यांच्याकडे नुसतं बघितलं जातं. जोर्जोनेची 'निद्रिस्त व्हीनस' घ्या, ड्रेस्डेनमधली. तो १५१०मधे गेला, मागचा निसर्ग तित्सियानने पुरा केला. टेकडीची रेषा आणि तिच्या अंगाची रेषा एकच, सुंदर चित्र आहे यात शंका नाही. पण तिला स्वप्न कुठलं पडतंय, हे विचारायची सोयच चित्राने ठेवली नाही. पुढे किती चित्रकारांनी तीच पोज घेतली. म्हणून मला उर्सुला जास्त महत्त्वाची वाटते. तिच्या टेबलावर पुस्तक आहे आणि स्वप्न तिचं स्वतःचं आहे.

थेम्सकाठी

सांजवातताई, पटलं. व्हेरोनेसेची संत हेलेनाही तुमच्या यादीत घ्या. कॉन्स्टंटाइनची आई. १५७०च्या सुमाराचं चित्र, इथेच आहे. खिडकीत बसल्या बसल्या हातावर डोकं टेकून डोळा लागलाय, आणि बाहेर आकाशात दोन पोरं क्रूस घेऊन उडतायत. रेशमी कपडे, पण दुपारी काम करता करता डुलकी लागलेल्या कुठल्याही बाईसारखी बसलीय.

अबोली७

मला एकच विचारायचंय. बेल्लीनीच्या चित्रांत मेरीच्या मांडीवरचं बाळ झोपलेलं असतं, ते बघून पोटात का तुटतं? माझं बाळ सात महिन्यांचं आहे, ते झोपलं की मी नाकापाशी बोट धरून बघते.

तांबडी_माती

कारण त्याने ते तसंच रंगवलंय. नॅशनल गॅलरीतल्या 'कुरणातली मेरी'मधे बाळ आईच्या मांडीवर पसरून झोपलंय. तेहतीस वर्षांनी क्रूसावरून उतरवलेला मुलगा याच मांडीवर असाच पडणार आहे, हे त्या काळच्या बघणाऱ्याला लगेच कळत असे. आईचे हात जोडलेले आहेत, तिने बाळाला धरलेलं नाही. तुम्ही नाकापाशी बोट धरता, तीच भीती.

निशिगंध_

याला जोडून एक. इंग्लिश कलासमीक्षक जॉन रस्किन १८७६च्या हिवाळ्यात व्हेनिसला होता. ज्या मुलीवर त्याचं प्रेम होतं ती आदल्या वर्षी वारली होती. अकादेमियावाल्यांनी उर्सुलाचं ते चित्र खाली उतरवून त्याला एका खोलीत नकल करायला दिलं. तो दिवसच्या दिवस समोर बसून राहिला आणि हळूहळू त्याच्या मनात ती मुलगी आणि उर्सुला एकच झाल्या. रेघोटी, तुम्ही पानं फाडलीत, तो मात्र रेखाटत राहिला.

---

रेघोटी

चार दिवस इथे येता आलं नाही. आईला थोडा ताप होता, आता उतरलाय.

काल रात्री पुन्हा वही घेतली. तुमचं सगळ्यांचं डोक्यात होतं. रात्रपाळीताईंचं ऐकून आधी आईची कूस बदलली, एक हात पांघरुणाबाहेर घेतला, उशी मानेखाली नीट सारली. मग निशिगंधच्या ड्यूररसारखी आधी फक्त उशी काढली. डोक्याच्या वजनाने जो खड्डा पडतो, त्याच्या कडेला ज्या घड्या फुटतात, त्या. अर्धा तास गेला. घड्या खऱ्या आल्या की त्यांच्यावर वजन आहे हे आपोआप दिसतं.

मग कॉटखाली आईच्या सपाता होत्या, त्या काढल्या. फिजिओथेरपिस्टने आणायला लावलेल्या, मागून पट्टा असलेल्या. डाव्या सपातीची टाच जास्त झिजलीय, पडायच्या आधीची नाही, आताची, कारण ती वॉकर धरून डावीकडे भार देते. स्टुलावर चष्मा आणि पाण्याचं भांडं, झाकणासकट. पॅसेजमधल्या दिव्याचा उजेड दाराच्या फटीतून येत होता, तो जमिनीवरून कॉटच्या पायापर्यंत जात होता, तेवढा पट्टा कागदाचा कोरा ठेवला.

चेहरा सगळ्यात शेवटी, चार रेषांत.

सकाळी आईने चहा पिताना वही मागितली. बराच वेळ बघितलं. म्हणाली, ''चष्म्याची काडी अशी वाकडी नाहीये गं माझी.'' मग उचलून बघितली, तर होती.